पिसाकचा रविवारचा बाजार : स्वस्त ताटामागचा हिशेब

परगावी गेलेल्या श्रमजीवी माणसापुढे पहिला प्रश्न देवळाचा नसतो आणि किल्ल्याचाही नसतो. तो दोन वेळच्या जेवणाचा असतो. पोट कोठे भरावे, किती पैशांत भरावे आणि तेथले अन्न आपल्याला सोसेल की नाही, हे त्याला सर्वांआधी ठरवावे लागते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गावात एकाच ठिकाणी मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे बाजार. म्हणून एखाद्या देशाची ओळख करून घ्यावयाची असेल तर आरंभ त्याच्या राजवाड्यापासून न करता बाजारापासून करावा, असे माझे मत आहे. आयुष्याची बरीच वर्षे हमाल, तोलणार आणि फेरीवाले यांच्या संघटनेत गेली, त्यामुळे हे मत बनले असेल. पण ते चुकीचे आहे असे अद्याप मला कोणी पटवून दिलेले नाही.

आज ज्या बाजाराची माहिती सांगावयाची आहे, तो आपल्यापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात आहे. पेरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फळ येते. परंतु त्या देशाचे आणि आपल्या स्वयंपाकघराचे नाते त्या फळापुरते नाही. आपले एकादशीचे ताट आठवून पाहा. त्यातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर त्यातील बरीचशी आपल्या किनाऱ्याला लागली. ‘बटाटा’ हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला. ज्या ताटाला आपण सोवळ्यातले म्हणतो, त्यातले बहुतेक जिन्नस सातासमुद्रापलीकडच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे खपून माणसाळवले आहेत. तेव्हा त्या शेतकऱ्यांचे वंशज आज काय खातात आणि काय विकतात, हे जाणून घेणे म्हणजे परक्याच्या घरात डोकावणे नव्हे.

गाव आणि त्याची उतरंड

अँडीज पर्वताच्या रांगांत कुस्को हे इंका लोकांच्या जुन्या राजधानीचे शहर आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथून तीसएक किलोमीटरवर डोंगर उतरून गेले की विल्कानोता नदीच्या खोऱ्यात पिसाक नावाचे लहान गाव लागते. त्याची उंची तीन हजार मीटरच्या किंचित खाली, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून थोडी कमी. गावाच्या डोक्यावर इंकांनी बांधलेल्या दगडी पायऱ्यांची शेते आणि जुन्या वास्तूंचे अवशेष आहेत. ते पाहावयास जगभरचे प्रवासी येतात आणि त्यांच्यासाठी चौकात रंगीत कापडाचा व नक्षीकामाचा बाजार भरतो. तो आता जवळजवळ रोजच असतो. पण आपल्याला पाहावयाचा आहे तो रविवारचा बाजार. त्या दिवशी वरच्या पाड्यांतील माणसे पाठीवर गाठोडी बांधून खाली येतात आणि कापडाच्या दुकानांशेजारी भाजीपाला, धान्य व कंद यांचे ढीग मांडून बसतात.

या बाजाराचे रहस्य डोंगराच्या उतरंडीत आहे. आपल्याकडे पिके प्रदेशाप्रमाणे बदलतात. कोकणात भात, देशावर ज्वारी. अँडीजमध्ये ती उंचीप्रमाणे बदलतात. नदीकाठच्या उबदार पट्ट्यात मका होतो. त्याच्या वर थंड उतारांवर बटाटा, ओका, उल्यूको यांसारखे कंद होतात. चार हजार मीटरच्या आसपास कडू जातीचे बटाटे तेवढे तग धरतात, आणि त्याहून वर गवताळ माळावर लामा व अल्पाका ही जनावरे चरतात. पर्वत ओलांडून पूर्वेकडे खाली उतरले की जंगलाचा दमट उतार लागतो. तेथे कॉफी, कोकाची पाने आणि फळे होतात. म्हणजे एका माणसाला चौरस आहार हवा असेल तर तो एका गावच्या शिवारात मिळत नाही. वरच्याला खालच्याची आणि खालच्याला वरच्याची गरज लागते. जॉन मर्रा या मानवशास्त्रज्ञाने १९७२ साली हे सूत्र नीट मांडून दाखविले. इंकांच्याही आधीपासून येथील समाज एकाच वेळी अनेक उंचींवर आपली माणसे आणि शेते राखीत असत, असे त्याचे प्रतिपादन होते. आजचा आठवड्याचा बाजार या जुन्या गरजेवरच उभा आहे.

बाजारात शिरताना

आता बाजारात शिरू. विकणाऱ्या बहुतेक बायाच आहेत. जमिनीवर रंगीत विणलेले कापड अंथरलेले, त्यावर बटाट्यांचे लहान लहान वाटे. हे वाटे पाहून आपल्या आठवडी बाजारातील भाजीवालीची आठवण होते. गिऱ्हाईक आले की ती त्याला ‘कासेरा’ म्हणून हाक मारते, आणि गिऱ्हाईकही तिला ‘कासेरा’ असेच म्हणते. एकच शब्द दोन्ही बाजूंना लागू! त्याचा आशय असा की, तू माझे ठरलेले गिऱ्हाईक आणि मी तुझी ठरलेली दुकानदारीण. एकदा हे नाते जुळले की पुढचा व्यवहार सोपा होतो. सौदा झाल्यावर गिऱ्हाईक ‘यापा’ मागते. यापा म्हणजे मापावर टाकलेले थोडे जास्त. आपली भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते ना, तेच. ज्याला स्वस्तात खावयाचे आहे त्याने भावावरून घासाघीस करीत न बसता रोज त्याच बाईकडे जावे आणि यापा मागावा, हा तेथला सरळ मार्ग आहे. भावात दोन पैसे कापले तर विकणारीचे दोन पैसे जातात; यापा दिला तर तिचे दोन बटाटे जातात पण उद्याचे गिऱ्हाईक जोडले जाते.

जेवणाची जागा बाजाराच्या आतल्या बाजूला असते. लाकडी बाकांची रांग, समोर मोठी पातेली, आणि प्रत्येक पातेल्यामागे एक बाई. दुपारच्या ठरीव जेवणाला ‘मेनू’ म्हणतात. त्यात आधी वाडगाभर सूप, मग भात, बटाटा व थोडे मांस किंवा डाळ असलेली ताटली, आणि वर एक पेलाभर सरबत किंवा काढा मिळतो. चौकातील प्रवाशांच्या उपाहारगृहात एका पदार्थाला जेवढे मोजावे लागते त्याच्या लहानशा अंशात येथे पोटभर जेवण होते. सूप पातळ असेल अशी कल्पना करू नये. मक्याचे किंवा गव्हाचे पीठ लावून केलेली ‘लावा’ ही आपल्या पिठल्यासारखी दाट असते आणि थंडीत तीच जेवणाचे काम करते. सोबत मिरची आणि वाकाताय नावाची झेंडूच्या कुळातील सुवासिक पाने दगडावर वाटून केलेली चटणी. वाटण्याचा दगड आपल्या पाट्याचाच भाऊ; फरक एवढाच की वरचा दगड मोठा असतो आणि तो सरकविण्याऐवजी डोलवितात.

ज्याच्या खिशात तेवढेही पैसे नसतील त्याने मक्याचे उकडलेले कणीस आणि त्यासोबत चीजचा एक तुकडा घ्यावा. या खोऱ्यातील पांढऱ्या मक्याचा दाणा बोराएवढा फुगीर असतो. एक कणीस आणि चीज म्हणजे एका वेळची न्याहारी. भाजलेल्या मक्याचे दाणे खिशात टाकून माणसे दिवसभर चालतात. ज्या घरापुढे लांब काठीवर लाल फडके किंवा लाल पिशवी फडकत असेल, तेथे मक्याला मोड आणून, उकळून, आंबवून केलेली ‘चिचा’ विकत मिळते. पिण्याआधी पहिले चार थेंब जमिनीवर सांडावयाचे, कारण पृथ्वी ही आई आहे आणि तिचा वाटा पहिला.

कष्टाचे अन्न

येथवर सारे स्वस्त आणि सुखाचे वाटेल. पण जो जन्मभर मजुरीचे हिशेब करीत आला, त्याला कोणतीही वस्तू स्वस्त दिसली की एक शंका येते: यातली कोणाची तरी मजुरी हिशेबात धरावयाची राहिली नाही ना? ती शंका येथे खरी ठरते.

‘चुन्यो’ म्हणून वाळविलेला बटाटा या बाजारात मिळतो. काळपट, हलका, दगडासारखा कडक. जून-जुलै हा तिकडचा कडक थंडीचा काळ. उंच माळावर कडू बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हात ते सैल पडतात. असे काही दिवस झाले की घरची माणसे अनवाणी पायांनी ते तुडवितात, म्हणजे आतले पाणी आणि त्याबरोबर कडवटपणा निघून जातो. मग ते वाळवितात. दुसऱ्या एका प्रकारात ते वाहत्या पाण्यात बरेच दिवस भिजत ठेवतात, त्यामुळे ते पांढरे होतात. पाच किलो बटाट्यांचा जेमतेम एक किलो चुन्यो होतो. पण तो वर्षानुवर्षे टिकतो. दुष्काळाविरुद्ध काढलेला हा विमाच आहे, आणि त्याचा हप्ता गोठलेल्या जमिनीवर अनवाणी पायांनी भरावा लागतो.

तार्वीचेही तसेच. हे कडधान्य प्रथिनांनी इतके भरलेले आहे की सोयाबीनच्या पंक्तीला बसावे. पण त्यात विषारी कडवटपणा असतो. ते उकडून कित्येक दिवस वाहत्या पाण्यात धुवावे लागते, तेव्हा कोठे खाण्याजोगे होते. किनुआचे दाणेही फेस जाईपर्यंत धुवावे लागतात. बटाट्याची एक जात इतकी खाचखळग्यांची असते की तिचे क्वेचुआ भाषेतील नाव ‘सुनेला रडवणारा’ अशा अर्थाचे आहे. नव्या सुनेला तो सोलावयास देऊन तिची परीक्षा पाहात, असे सांगतात. नाव गमतीचे खरे. पण गरिबाचे अन्न स्वस्त ठेवण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, हे त्या एका नावात सांगून टाकले आहे. चुन्योच्या किमतीत बटाट्याचा भाव येतो. तुडविण्याची, धुण्याची, सोलण्याची आणि डोंगरावरून पाठीवर वाहून आणण्याची मजुरी त्यात पुरती कधीच येत नाही.

मग ही माणसे टिकली कशी? त्याचे एक उत्तर ‘आय्नी’ हे आहे. आज मी तुझ्या शेतात राबलो, उद्या तू माझ्या शेतात राबशील. पैशाची देवघेव नाही, पण हिशेब मात्र चोख. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास नको. आपण याला सावड म्हणतो, इर्जिक म्हणतो. फरक एवढाच की आपल्याकडे ट्रॅक्टर आणि रोख मजुरी यांच्या रेट्यात सावड मागे पडली. तेथे ट्रॅक्टर चढू न शकणाऱ्या उतारांनी आय्नी बरीचशी राखली.

दुसरे उत्तर वस्तुविनिमयाचे. पिसाकच्या उत्तरेला डोंगरापलीकडे लारेसचे खोरे आहे. तेथे आठवड्याच्या बाजारात बाया अजूनही पैशाशिवाय व्यवहार करतात. वरच्या गावची बाई बटाटे आणि चुन्यो आणते, मधल्या पट्ट्यातली मका आणते, खालची केळी, संत्री, कॉफी आणते. माप ओंजळीचे किंवा वाट्याचे. शहरातला भाव काय चालला आहे याची त्यांना माहिती नसते असे नाही. पण ज्या आठवड्यात हातात नाणे नाही त्या आठवड्यातही मुलाच्या तोंडात फळ पडले पाहिजे, हे या बाजाराने साधते. ज्यांनी पैशाशिवायच्या व्यवहाराला मागासलेपणा म्हटले, त्यांनी बिनपैशाच्या घरात एक आठवडा काढून पाहावा.

जमीन आणि बाजार

तथापि या जुन्या रीती आपोआप टिकल्या असा समज करून घेणे भाबडेपणाचे होईल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातील पुष्कळ उत्तम जमीन मोठ्या जमीनदारांकडे होती. लहानशा तुकड्याच्या मोबदल्यात कुळाला जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस वेठीने राबावे लागे. ज्याचे दिवस स्वतःचे नाहीत, त्याला बाजार कोठला? कुस्कोच्या याच मुलखात, ला कोन्व्हेन्सिओन आणि लारेस या खोऱ्यांत, कुळांनी संघटना बांधल्या; १९५८ साली त्यांचा एक महासंघ झाला. क्वेचुआ बोलणारा ह्यूगो ब्लांको हा तरुण त्यात शिरला आणि कुळांनी वेठीविरुद्ध संप पुकारला. कारखान्यातील संप आपण पुष्कळ पाहिले. हा शेतातला संप होता. आपल्या तुकड्यावर राबावयाचे, जमीनदाराच्या शेतावर मात्र पाऊल ठेवावयाचे नाही. ब्लांकोला १९६३ साली पकडण्यात आले व पुढे बरीच वर्षे तुरुंगात काढावी लागली. २०२३ साली तो वारला. पण वेठ पुन्हा बसविणे सरकारला जमले नाही. २४ जून १९६९ रोजी जनरल व्हेलास्को यांच्या लष्करी राजवटीने देशभर जमीनसुधारणेचा कायदा केला. त्या कायद्याची अंमलबजावणी अनेक दोषांनी भरलेली होती, हे मान्य. तरीही आज रविवारी जी बाई स्वतःचे गाठोडे घेऊन पिसाकला येते, ती कोणाच्या परवानगीवाचून येते. बाजारातील स्वस्त बटाट्यामागे हा संपही आहे.

नवी संकटे

आता संकटे नव्या वेषात येतात. किनुआचेच पाहा. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किनुआचे वर्ष म्हणून साजरे केले. श्रीमंत देशांतील ग्राहकांना या धान्याचे वेड लागले आणि भाव आकाशाला भिडले. पिकविणाऱ्याच्या हाती चार पैसे आले, हे चांगलेच झाले. पण विकत घेऊन खाणाऱ्या गरिबाला तेच धान्य परवडेना. मग इतर देशांत आणि सपाट प्रदेशांतही लागवड वाढली. २०१५ साली भाव कोसळला. चढत्या भावात खाणारा भरडला, उतरत्या भावात पिकविणारा. या दोन्ही वेळी भाव ठरविणारे बाजारात हजर नव्हते.

दुसरीकडे शेवया, मैद्याचे पदार्थ आणि किनाऱ्यावरचा तांदूळ स्वस्तात वर पोचतो. पेरूला लागणारा बहुतेक गहू परदेशातून येतो. शेवया दहा मिनिटांत शिजतात. तार्वीला कित्येक दिवस लागतात. दिवसभर राबून आलेल्या बाईने शेवया शिजविल्या तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिसरे संकट हवामानाचे. उष्मा आणि कीड वाढल्यामुळे बटाट्याची लागवड वर वर सरकत चालली आहे. डोंगर वर निमुळता होत जातो, आणि शिखराच्या वर शेत नसते.

चौथे संकट प्रवाशांवर विसंबण्याचे. २०२० साली साथीमुळे टाळेबंदी झाली आणि पिसाकच्या चौकातील कापडाची दुकाने एका दिवसात निरुपयोगी ठरली. ज्यांचे शेत वर शिल्लक होते त्यांच्या घरी मात्र चूल पेटत राहिली. गावाला जगविणारे दोन बाजार आहेत असे वाटत होते. परीक्षेच्या वेळी एकच उरला.

या संकटांपुढे माणसे हात जोडून बसलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पिसाकच्या वरच्या डोंगरातील सहा गावांनी एकत्र येऊन आपली नऊ हजारांहून अधिक हेक्टर जमीन ‘बटाट्याचे उद्यान’ म्हणून सामायिक रीतीने सांभाळावयाचे ठरविले. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी त्यांनी २००४ साली करार केला. पूर्वी संशोधकांनी गोळा करून नेलेल्या वाणांपैकी अनेक वाण त्या करारान्वये मूळ मालकांकडे परत आले. शास्त्रज्ञांनी शेतकऱ्याचे देणे मान्य केल्याची अशी उदाहरणे जगात थोडी आहेत.

पहाटे पेरूच्या गावोगावी हातगाडीवर ‘एमोलिएन्ते’ नावाचा कढत काढा विकतात. भाजलेले सातू, जवस, औषधी पाला आणि लिंबू यांचा. मजुराचा दिवस त्यावर सुरू होतो. या विक्रेत्यांचा धंदा म्हणजे रोजगार निर्माण करणारा लघुउद्योग आहे, असे २०१४ सालच्या कायद्याने मान्य केले. आपल्याकडे फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला तोही २०१४ सालीच. दोन खंडांतील हातगाडीवाल्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती. पण दोघांनाही रस्त्यावरून हुसकावले जात होते आणि दोघांनीही हक्क मागितला. राजधानी लिमात गरीब वस्त्यांतील बायांनी सत्तरीच्या अखेरीस सामायिक स्वयंपाकघरे काढली आणि १९९१ साली त्यांना कायद्याचा आधार मिळविला. गिरणगावातील खानावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, ते ज्यांना आठवते त्यांना या हकीकतीत नवे काही वाटणार नाही.

शेवटी हिशेब

तेव्हा पिसाकच्या बाजारात स्वस्त जेवण कोठे मिळते, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चौक सोडून आत जा, जेथे स्थानिक हमाल व शेतकरी बसले आहेत त्या बाकावर बसा, पुढ्यात येईल ते सूप प्या, आणि बाईला कासेरा म्हणा. हे जेवण स्वस्त का आहे, हा दुसरा प्रश्न मात्र थोडा जड आहे. ते स्वस्त आहे याची काही कारणे अभिमानाची आहेत: अनेक उंचींवर पिके घेण्याचे शहाणपण, सावडीचा करार, वेठ मोडणारा संप. आणि एक कारण लाजेचे आहे: बाईची मजुरी कोणी मोजलेली नाही.

अन्न महाग करा, असे मी म्हणत नाही; ज्याने उपाशी माणसांच्या सभा घेतल्या तो असे म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की गरिबाला स्वस्त अन्न देण्याचा बोजा दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर ठेवू नये. तो समाजाने उचलावा: वरच्या गावापर्यंत रस्ता देऊन, बाजारात बसावयास छप्पर आणि पाणी देऊन, सामायिक स्वयंपाकघराला धान्य देऊन, आणि विकणारीच्या जागेला कायद्याचा आधार देऊन. यातले काहीही अशक्य नाही. थोडेथोडे तेथेही झाले आहे आणि येथेही. येत्या आठवड्याच्या बाजारात भाजीवाली चार काड्या कोथिंबीर वर टाकील, तेव्हा त्या काड्या कोणाच्या पदरच्या आहेत, एवढे मनात आणले तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.